होर्डिंगवरचा मजकूर वर्गात घ्यायचाय : अलंकार, लक्षणा की हेत्वाभास?

कोपरीकर
एफवायच्या मुलांसाठी दोन तासांचा वर्ग ठरलाय, ठाण्यातच. कवितेऐवजी रस्त्यावरचा मजकूर घ्यायचा विचार आहे. घोडबंदर रोडवरच्या होर्डिंगांच्या धाटणीचा हा नमुना मीच रचला आहे, खऱ्या प्रकल्पाचा नाही :

"निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर. ठाणे स्टेशन फक्त १५ मिनिटं. ५०० कुटुंबांचा विश्वास. तुमच्या मुलांना मोकळा श्वास नको का?"

अडचण अशी, की मुलं 'येथे चेतनगुणोक्ती अलंकार झाला आहे' (म्हणजे निर्जीवाला माणसाचे गुण दिले) असं लिहितात आणि पेन खाली ठेवतात. संज्ञा कुठल्या घ्याव्यात, कुठल्या क्रमाने? आणि 'कुशीत' हे नक्की काय, रूपक, चेतनगुणोक्ती की लक्षणा?

मसुंदा
'कुशीत'ने सुरुवात करू नका, तिथे एका शब्दात तीन गोष्टी आहेत. आधी फळ्यावर 'अख्खा डबा ऐरोलीला उतरला' एवढंच लिहा. ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्या मुलाला वेगळं समजवावं लागणार नाही.

लक्षणा म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं. तिला तीन अटी लागतात. एक, मुख्यार्थाचा बाध : डबा उतरत नाही, तो रुळांवरच असतो. दोन, मुख्यार्थाशी संबंध : डब्यात माणसं आहेत, म्हणजे आधार आणि आधेय. तीन, रूढी किंवा प्रयोजन : इथे प्रयोजन, कारण गर्दी किती ते एका फटक्यात सांगायचंय. शेजारीच 'गडकरीला नाटक आहे' ठेवा. माणसाचं नाव नाट्यगृहाला लागलं, पण त्यातून बोलणाऱ्याला काही खास साधायचं नसतं. ती रूढी. या दोन वाक्यांतला फरक कळला की पुढचं सोपं जातं.

आता 'निसर्गाच्या कुशीत'. निसर्गाला कूस नसते, हा बाध. संबंध सादृश्याचा, म्हणून ही गौणी लक्षणा. प्रयोजन ऊब आणि सुरक्षितपणा. आणि न बोलता जे पोचतं, की तुम्ही सध्या राहता तिथे ही ऊब नाही, ती व्यंजना. अर्धे गुण या शेवटच्या पायरीला ठेवा.

चेतनगुणोक्तीही चूक नाही. शब्दाने अर्थ कसा दिला याचं उत्तर लक्षणा आणि उक्तीला सौंदर्य कशाने आलं याचं उत्तर अलंकार. प्रश्नच दोन आहेत, त्यामुळे भांडण नाही. रूपक मात्र म्हणता येत नाही. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर हवेत, त्यांच्यात अभेद हवा : 'निसर्ग हीच आई'. इथे आईचा उल्लेखच नाही, नुसती तिची कूस आली आहे.

सादृश्याचे अलंकार एकाच मालावर शिकवा. गर्दी समुद्रासारखी : उपमा. गर्दी जणू समुद्रच : उत्प्रेक्षा. गर्दीच्या समुद्रात : रूपक. ही गर्दी नव्हे, समुद्र आहे : अपन्हुती. हिच्यापुढे समुद्र म्हणजे डबकं : व्यतिरेक. मुलं हमखास फसतात ती 'जणू, वाटे, गमे' या पाठ केलेल्या यादीमुळे. 'मला वाटतं पाऊस येईल' यात उत्प्रेक्षा कुठली? उपमानच नाही. शब्द शोधू नका, उपमेय हे उपमानच असावं अशी कल्पना केली आहे का ते बघा.

वाशी_पलीकडे
मसुंदा, 'कुशीत'बद्दल थोडं वेगळं मत. मूळची लक्षणा खरी, पण 'डोंगराच्या कुशीत, निसर्गाच्या कुशीत' इतकं घासलं गेलंय की प्रयोजन जवळजवळ उरलेलं नाही. मी तिला रूढीकडे झुकलेली म्हणेन. मुलांनी दोन्ही बाजू मांडल्या तर दोन्हीला गुण द्यावेत.

बाकी, अलंकारांवर तास संपवू नका. मन वळवणारा मजकूर तिथे थोडाच उलगडतो! अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली : एथॉस म्हणजे बोलणाऱ्याची पत, पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावना, लोगॉस म्हणजे युक्तिवाद. शेवटचं वाक्य पॅथॉस, हे मुलं लगेच ओळखतात. खऱ्या होर्डिंगच्या खालच्या कोपऱ्यातला बारीक अक्षरातला महारेरा नोंदणी क्रमांक कुणी बघत नाही. जाहिरातीत तो छापणं २०१६च्या कायद्याने बंधनकारक आहे, पण वाचणाऱ्यावर त्याचा परिणाम पत वाढवण्याचाच होतो.

लोगॉस उलगडायला न्यायशास्त्राचे, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचे, पाच अवयव वापरा. प्रतिज्ञा : हे घर घ्यावं. हेतू : कारण ५०० कुटुंबांनी विश्वास ठेवला. उदाहरण, व्याप्तीसकट (म्हणजे हेतू आणि साध्य जोडणाऱ्या नियमासकट) : ज्यावर पुष्कळ लोक विश्वास ठेवतात ते घेण्याजोगं असतं, जसं अमुक. उपनय : हे घर तसंच आहे. निगमन : म्हणून घ्यावं. होर्डिंगवर छापलेला असतो फक्त हेतू, उरलेले चार अवयव वाचणारा स्वतःच्या डोक्यात भरतो. आपणच जुळवलेल्या युक्तिवादाशी कोण वाद घालणार?

व्याप्ती कागदावर लिहिली की लगेच मोडते. पुष्कळांनी विश्वास ठेवला आणि तरी माल वाईट निघाला, असं एक उदाहरण पुरतं. हेतू साध्य (जे सिद्ध करायचं ते) नसलेल्या जागीही सापडतो, म्हणून हा सव्यभिचार हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा सदोष हेतू. शिवाय ५०० कुटुंबांचा 'विश्वास' म्हणजे नोंदणी, ताबा की नुसती चौकशी? '१५ मिनिटं' हा बाधित. संध्याकाळी सातला कापूरबावडीला अडकलेल्या माणसाला प्रत्यक्ष प्रमाण पुरेसं आहे.

मसुंदा
बाधित नाही हो. बाधितात साध्यच बलवत्तर प्रमाणाने खोटं ठरतं : 'अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे.' इथे खोटा पडतोय तो '१५ मिनिटं' हा हेतू, तो त्या घराला लागूच नाही. म्हणून असिद्ध.

वाशी_पलीकडे
मान्य, असिद्ध. आणि 'फक्त'वर वेगळी खूण करा. आकडा माहिती देतो, 'फक्त' ती माहिती कशी घ्यायची ते ठरवतो.

ऐरोली_सेक्टर_आठ
दोन भर घालतो.

'नको का?' या प्रश्नाचा अर्थ काकूने, म्हणजे आवाजाच्या हेलाने ठरतो. उत्तर आधीच 'हवा' असं ठरलेलं आहे. मुलांच्या घरात मोकळी हवा नाही, हे इथे सूचित होतं, गृहीत धरलेलं नाही. गृहीतक ओळखायचं तर वाक्य नकारार्थी करून बघा. 'परत मोकळा श्वास घ्या' आणि 'परत मोकळा श्वास घेऊ नका', दोन्हीत पूर्वी श्वास मोकळा होता हे टिकतं, 'परत'मुळे. 'नको का?'तली सूचना मात्र 'आताच्या घरातही हवा चांगली आहे म्हणा' एवढं जोडलं की पुसली जाते.

दुसरं, 'जाहिरातीत वात्सल्यरस आहे' हे वाक्य खोडायला लावा. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत वात्सल्य नाही, ते नंतर आलं, पण खरा मुद्दा तो नाही. रसाला साधारणीकरण लागतं, भाव 'माझा' म्हणून उरता कामा नये. होर्डिंग नेमकं उलट करतं : 'तुमच्या' मुलांना. भाव चाळवला म्हणा, रस म्हणू नका.

कोपरीकर
'तुमचं', 'तुमच्या' दोनदा आलंय हे आत्ता लक्षात आलं. दोन तासांत एवढं बसेल?

मसुंदा
नाही बसणार. 'डबा' आणि 'गडकरी' वीस मिनिटं, गर्दीची वाक्यं वीस, पाच अवयव चाळीस, कारण व्याप्ती लिहितानाच मुलं अडतात. उरलेल्या चाळीस मिनिटांत प्रत्येकाने एकच वाक्य घेऊन दहा ओळी लिहायच्या, आणि संज्ञा पहिल्या ओळीत आणायची नाही. रस, काकू पुढच्या वेळी.

ऐरोली_सेक्टर_आठ
पुढच्या वेळी 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल' ही सूचना घ्या. कोण ठेवणार, ते मुलांना शोधू द्या.