एनटीपी चालू करूनही घड्याळ मागेच?
एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) चालू करूनही सर्व्हरचं घड्याळ मागे राहतं, या प्रश्नावर कुणीतरी सल्ला दिलाय: दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) एनटीपीडेट (एकदाच वेळ जुळवणारी आज्ञा) चालवा. तो मला पटला नाही. त्याने वेळ जुळते खरी, पण फरक अर्ध्या सेकंदाहून जास्त असला तर घड्याळ एकदम उडी मारतं. नेमका तेव्हा सर्व्हरवर फोन कॉल चालू असेल तर सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदीत) त्याचा कालावधी चुकू शकतो, आणि बिलिंगवाले आपल्याच डोक्यावर बसतात. एनटीपीडी किंवा क्रोनी (मागे चालू राहून वेळ जुळवत राहणारे प्रोग्राम) सतत चालू ठेवलं की छोटा फरक हळूहळू भरून निघतो.

आता इथे कुणी न लिहिलेली गोष्ट. आमच्या सर्व्हरची सीमॉस बॅटरी (मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारी) गेली होती आणि घड्याळ पंचवीस मिनिटं मागे. एनटीपीडी सुरू केलं की थोड्या वेळाने गुपचूप बंद पडायचं. मी उगाच फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट (एनटीपीची ये-जा होते ती वाट) तपासत बसलो! फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त असला तर एनटीपीडी लॉगमध्ये एक ओळ टाकून सरळ बाहेर पडतं. सुरू करताना '-जी' (म्हणजे इंग्रजी छोटा जी) पर्याय दिला की पहिल्यांदा कितीही मोठा फरक चालतो. क्रोनीत त्यासाठी मेकस्टेप ही सेटिंग आहे.

फरक नेमका साडेपाच तासांचा दिसत असेल तर मात्र टाइमझोन बघा, एनटीपी फक्त यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पाठवतं.