फ्रेड अस्टेअर: आईसाठी आणि लेकीसाठी सुरुवात कुठून करू?

शमिका_प

नमस्कार मंडळी,

माझी आई ७९ वर्षांची आहे, गिरगावात वाढलेली. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे सध्या बाहेर पडणं बंद. परवा संध्याकाळी चहा घेताना अचानक म्हणाली, "लहानपणी दादांनी मला मेट्रोला एक सिनेमा दाखवला होता. त्यात एक माणूस नाचत नाचत भिंतीवर चढतो आणि छतावर नाचतो. मी पुढे आठवडाभर पलंगावर पडून आढ्याकडे बघायचे, तिथे पाय कसे टिकत असतील म्हणून." दादा म्हणजे माझे आजोबा. सिनेमाचं नाव तिला आठवत नाही. माणूस सडपातळ होता आणि "नुसता चालला तरी तालात चालायचा", एवढंच आठवतंय. शोधल्यावर हॉलिवूडचा नाचणारा नट फ्रेड अस्टेअर हे नाव सापडलं. फोटो दाखवला तर आई लगेच म्हणाली, "हाच!"

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, पाच वर्षं कथक शिकते. दोघींना शेजारी बसवून त्याचे चार-पाच सिनेमे दाखवावेत असं मनात आहे. अडचणी अशा की आईला अमेरिकन उच्चार भरभर कळत नाहीत आणि सबटायटल्स वाचून डोळे दुखतात. एका बैठकीत पावणेदोन तासांच्या पुढे तिला बसवत नाही. लेकीची तक्रार वेगळी, काळा-पांढरा सिनेमा म्हटलं की ती उठून जाते.

कुठला आधी, कुठला नंतर, जरा नीट सांगाल का? मी स्वतः त्याचा एकही सिनेमा पाहिलेला नाही.

जुना_प्रोजेक्टर

शमिकाताई, तुमच्या आईंना आठवतोय तो 'रॉयल वेडिंग', १९५१ सालचा. तो एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचा सिनेमा, आणि धोबी तलावचं मेट्रो थिएटर १९३८ साली एमजीएमनेच बांधलेलं, तेव्हा आठवण अगदी बरोबर जुळते. सुरुवातही त्याच्यापासूनच करा. रंगीत आहे, दीड तासाचा आहे आणि गोष्ट साधी आहे. भाऊ-बहिणीची नाचणारी जोडी न्यूयॉर्कहून लंडनला कार्यक्रमाला जाते, ते नेमके राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाचे दिवस, म्हणजे १९४७. तिथे बहीण एका लॉर्डच्या प्रेमात पडते. ही गोष्ट बरीचशी त्याच्या घरातलीच आहे. फ्रेड आणि त्याची थोरली बहीण अडेल लहानपणापासून एकत्र नाचत आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर तर तिचंच नाव मोठं होतं. १९३२ साली तिने एका इंग्रज लॉर्डशी लग्न केलं आणि रंगभूमी कायमची सोडली. फ्रेड एकटा उरला आणि पुढच्याच वर्षी सिनेमात आला. हे लेकीला आधी सांगितलंत तर तिला सिनेमातली बहीण जास्त जवळची वाटेल.

छतावरच्या नाचामागची करामत मात्र आधी सांगू नका, निदान एकदा बघून होईपर्यंत. तुमच्यासाठी लिहितो. पोलादी सांगाड्यात अख्खी खोली बसवली होती आणि ती खोलीच गोल फिरत होती. सामान जमिनीला पक्कं ठोकलेलं, कॅमेरा आणि कॅमेरामन खोलीलाच बांधलेले. खोली फिरली की तेही तिच्याबरोबर फिरायचे, त्यामुळे पडद्यावर खोली स्थिर दिसते आणि माणूस भिंतीवर चढताना दिसतो. प्रत्यक्षात अस्टेअर सगळा वेळ खालच्या बाजूलाच असतो. पण पायाखालची जमीन सरकत असताना, भिंतीची जमीन होते नेमक्या त्या क्षणी, ताल न सोडता पाऊल टाकायचं, हे त्याचं त्यालाच करायचं होतं. तेव्हा तो ५१-५२ वर्षांचा होता. मी हे दृश्य कितीदा पाहिलं त्याला गणती नाही, आणि खोली फिरते हे ठाऊक असूनही दर वेळी छातीत धस्स होतं.

याच सिनेमात तो टोप्या-कोट अडकवायच्या लाकडी स्टँडबरोबर नाचतो. जोडीदारीण तालमीला आलेली नसते म्हणून तो स्टँड उचलतो आणि दोन-तीन मिनिटांत आपल्याला त्या लाकडाची बाजू घ्यावीशी वाटायला लागते. आईंना तिथे एकही सबटायटल लागणार नाही.

एक सावधगिरी. या सिनेमाच्या कॉपीराइटचं अमेरिकेत नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे त्याच्या रंग उडालेल्या, अंधूक प्रती सगळीकडे फिरतात. स्वच्छ केलेली प्रत शोधा. वाईट प्रतीत पाय दिसत नाहीत, आणि या माणसाचे पाय दिसले नाहीत तर काय पाहिलं?

केतकी_वाचते

काकांशी सहमत. पण दुसरा सिनेमा 'टॉप हॅट' (१९३५) असू द्या, काळा-पांढरा असला तरी. लेकीला फक्त वाळूचा नाच दाखवा, मग ती उठणार नाही. अस्टेअर रात्री हॉटेलच्या खोलीत टॅप, म्हणजे बुटांनी जमिनीवर ताल वाजवत नाच, करत असतो, खालच्या खोलीत झोपलेली नायिका जिंजर रॉजर्स वैतागून वर येते. ती परत गेल्यावर तो जमिनीवर वाळू पसरतो आणि तिला झोप यावी म्हणून त्या वाळूवर इतका हळू नाचतो की नुसतं खसखस ऐकू येतं. पायांनी अंगाई म्हटल्यासारखं.

आणि त्यातलाच 'चीक टू चीक' हा नाच! जिंजरच्या अंगावर शहामृगाच्या पिसांचा झगा आहे. नाचताना पिसं सुटून उडत होती, अस्टेअरच्या नाकातोंडात जात होती आणि तो भयंकर चिडला होता. नीट पाहिलंत तर पडद्यावरही एखाददुसरं पीस गळताना दिसतं. नंतर त्याने तिला सोन्याचं छोटं पीस भेट दिलं आणि 'फेदर्स' हे तिचं लाडकं नाव पडलं.

माझा जीव मात्र 'स्विंग टाइम'वर (१९३६). शेवटचा निरोपाचा नाच एका दिवसात चाळीसहून जास्त वेळा चित्रित झाला, जिंजरच्या पायांतून रक्त आलं, तरी ती थांबली नाही. लोक अस्टेअरचं कौतुक करताना तिला विसरतात याचं मला फार वाईट वाटतं. तिने जिन्यावर उंच टाचांत घेतलेल्या गिरक्या बघा.

जुना_प्रोजेक्टर

केतकी, 'स्विंग टाइम' माझाही लाडका. पण ११ वर्षांच्या मुलीला दाखवायचा तर शमिकाताईंनी आधी एकट्याने बघावा. त्यात 'बोजँगल्स ऑफ हार्लेम' नावाचा नाच आहे, त्यासाठी अस्टेअरने तोंडाला काळा रंग फासला आहे. हेतू बिल रॉबिन्सन या थोर कृष्णवर्णीय नर्तकाला मानवंदना देण्याचा होता, पण गोऱ्या नटांनी काळा रंग लावून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याची ती प्रथाच अपमानाची होती. लपवू नये, सांगावं. टॅप ही मुळात आफ्रिकन-अमेरिकन आणि आयरिश नाचांच्या मिलाफातून आलेली कला. ज्यांच्याकडून ती आली त्यांना हॉलिवूडने मोठ्या भूमिका जवळजवळ दिल्याच नाहीत. म्हणून त्याच आठवड्यात 'स्टॉर्मी वेदर'मधला (१९४३) निकोलस बंधूंचा जिन्यावरचा नाच दाखवा. एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत ते पायऱ्या उतरतात आणि दर पायरीवर दोन्ही पाय ताणून थेट जमिनीवर बसतात. अस्टेअर स्वतः त्या नाचाचा मोठा चाहता होता असं सांगतात.

तिहाई

मी कथक शिकवते, म्हणून तुमच्या लेकीपुरतं लिहिते.

तिला 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०' मधला फक्त शेवटचा भाग दाखवा, अस्टेअर आणि एलिनॉर पॉवेल, गाणं 'बिगिन द बिगीन'. काळ्या चकचकीत जमिनीवर दोघं. मध्येच वाद्यं थांबतात आणि नुसते पाय उरतात. तो एक तुकडा टाकतो, ती उत्तर देते, मग दोघं एकत्र. आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखंच. एलिनॉर पॉवेल कुठेही मागे पडत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे दाखवते, तेव्हा पहिल्यांदा हसू येतं, मग कोणीतरी टाळीने मात्रा धरते आणि खोली शांत होते. ठेका चारच्या पटीत आहे, तीनतालाच्या सोळा मात्रांत मोजता येतो. लेकीला मोजायला सांगा. समेवर येण्याऐवजी ते जोर मात्रेच्या मध्ये टाकतात, तिथे ती चुकेल, आणि मग परत परत बघेल.

फरकही तिला शोधू द्या. आपण अनवाणी, तळवा सपाट, आवाज पायाचा आणि घुंगरांचा. त्यांच्या बुटाला चवड्याखाली आणि टाचेखाली धातूच्या पट्ट्या, त्यामुळे एका पावलात दोन-तीन आवाज निघतात. कथकचे पंडित चित्रेश दास आणि अमेरिकन टॅपनर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी या दोन्ही कला एकाच मंचावर आणल्या होत्या, तेही नंतर दाखवा.

आणखी एक. अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसलाच पाहिजे आणि मध्ये शक्यतो कट नको. म्हणजे चूक झाली तर नाच पुन्हा पहिल्यापासून. हर्मिस पॅन या साथीदाराबरोबर तो चित्रीकरणाआधी कित्येक आठवडे तालीम करायचा. रियाजाबद्दल मी वर्गात जे तासभर बोलते ते या तीन मिनिटांत दिसतं. आजकालच्या नाचात दर सेकंदाला कॅमेरा बदलतो, मुलींना पूर्ण शरीर एकसंध कसं दिसतं हेच ठाऊक नसतं. म्हणून मला हा माणूस गुरुस्थानी आहे.

शमिका_प

तिहाईताई, केतकी, काका, किती मनापासून लिहिलंत! आईला वाचून दाखवलं. पिसांची गोष्ट तिला फार आवडली. रंगीत आणि कमी बोलण्याचा आणखी एखादा आहे का?

जुना_प्रोजेक्टर

दोन आहेत.

'ईस्टर परेड', १९४८. अस्टेअर १९४६ साली निवृत्त झाला होता. या सिनेमात खरं तर जीन केली हा दुसरा नाचणारा नट असणार होता, त्याचा घोटा मोडला आणि अस्टेअरला बोलावणं गेलं. सुरुवातीलाच खेळण्यांच्या दुकानात तो ढोल-ताशांवर हातापायांनी जे काही करतो, ते तुमच्या लेकीला आवडणारच. पुढे एका नाचात तो स्लो मोशनमध्ये आणि मागची मंडळी नेहमीच्या वेगात आहेत. नायिका जूडी गार्लंडबरोबर फाटके कपडे घालून केलेलं गाणंही आहे, तिथे आईंना शब्द कळले नाहीत तरी हसू येईल.

आणि 'द बँड वॅगन', १९५३, दिग्दर्शक व्हिन्सेन्ट मिनेली. हा पावणेदोन तासांच्या किंचित पुढे जातो, मध्ये चहाची सुट्टी घ्या. ज्याचा काळ संपला असं सगळे म्हणतात अशा नटाची गोष्ट. अस्टेअर आणि सिड शारीस रात्री सेंट्रल पार्कमध्ये फिरायला जातात. दोघांचं नुकतंच भांडण झालेलं, एकत्र नाचता येईल की नाही याची दोघांनाही खात्री नाही. कोणी बोलत नाही, कोणी गात नाही. चालता चालता तिचं एक पाऊल वळतं, मग त्याचं, आणि चालणं कधी नाच झालं ते सांगता येत नाही. तुमच्या आई म्हणाल्या ना, नुसता चालला तरी तालात? ते इथे सगळ्यात चांगलं दिसतं. मी पत्नीबरोबर हा सिनेमा दर वर्षी बघायचो. आता एकटा बघतो, पण बघतोच.

ओंकार_एलए

धागा उशिरा पाहिला. मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. चॅट्सवर्थच्या ओकवुड दफनभूमीत अस्टेअरची समाधी आहे (१९८७ साली गेला), आणि १९९५ साली गेलेली जिंजर रॉजर्सही तिथेच आहे. मी एकदाच गेलो होतो. जमिनीलगत साधी पाटी, शेजारी कोणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं.

त्याचं गाणंही ऐकवा. आवाज बारीक, पण शब्द भावगीत गाणाऱ्यासारखे स्वच्छ. अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन, जेरोम कर्न, कोल पोर्टर या सगळ्यांनी खास त्याच्यासाठी गाणी रचली ती उगाच नाही. आईंना डोळे मिटून 'द वे यू लुक टुनाइट' ऐकू द्या. १९३६ सालचं सर्वोत्तम गाण्याचं ऑस्कर याच गाण्याला मिळालं होतं.

शमिका_प

काल रविवारी 'रॉयल वेडिंग' पाहिला. चांगली प्रत मिळाली. स्टँडच्या नाचाला आई हाताने पलंगावर ताल धरत होती. छताचा नाच सुरू झाला आणि ती काहीच बोलेना. तो भिंतीवरून वर गेला तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." तीनदा लावला. तिसऱ्यांदा लेक ओरडली, "आजी, मला कळलं तो कसा..." आणि आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला नको सांगूस."

पुढच्या रविवारी 'टॉप हॅट'. लेकीने वाळूचा नाच आत्ताच फोनवर बघून टाकला आहे आणि तिला गच्चीत वाळू पसरून ततकार (कथकमधलं पायांचं काम) करायचा आहे. करू देऊ का?

तिहाई

जरूर करू दे. वाळू आधी बारीक चाळणीतून चाळून घे, खडा राहिला तर अनवाणी तळव्याला लागेल. थर अगदी पातळ असू दे. आणि घुंगरू काढून ठेवायला सांग, नाहीतर वाळूचा आवाज ऐकू येणार नाही.