डोंगरीत खोली घ्यावी का?

शनिवार, रात्री ९.१२

अस्मिता सावंत (सी-५०४): नमस्कार. एक विचारायचं होतं. ऋतुजाला दक्षिण मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्सची नोकरी लागलीय. तीन पाळ्या. दुपारची पाळी संपवून डोंबिवलीला घरी यायला साडेबारा होतात, आणि सकाळची असली की पावणेपाचला घर सोडायचं. मैत्रिणीच्या ओळखीनं दोघींना मिळून डोंगरीत खोली मिळतेय, सँडहर्स्ट रोड स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. डोंगरी ऐकताच ह्यांनी सरळ नाही म्हणून टाकलं. तिकडची माहिती आहे का कुणाला?

देशपांडे (ए-७०१): डोंगरी??? ताई, विचारायची गोष्ट आहे का ही? दाऊद, करीम लाला, हाजी मस्तान, सगळे तिथलेच. मुलीची जात आहे. दीड तास ट्रेन परवडली.

प्रसाद (बी-६०३): काका, दीड तास ट्रेन परवडते असं तुम्ही म्हणताय? दिवा-मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ ला काय झालं विसरलात? दारात लटकलेले लोक खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले.

देशपांडे (ए-७०१): तो अपघात. हा विषय वेगळा.

जाधव (ए-३०३): हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

सेक्रेटरी: जाधवसाहेब, डिलीट केलंत ते बरं केलंत. अशी भाषा ग्रुपवर नको. आणि उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी ९ ते १ पाणी नाही. रात्रीच भरून ठेवा.

मृणाल (सी-२०१): लहानपणी मस्ती केली की आई म्हणायची, "डोंगरीला टाकीन हं!" मला कित्येक वर्षं वाटायचं डोंगरी म्हणजे तुरुंगच.

कदम काका (ए-१०२): मृणाल, ते अगदीच चूक नव्हतं. उमरखाडीत डोंगरीचा तुरुंग होताच. टिळक आणि आगरकर १८८२ साली कोल्हापूरच्या प्रकरणात तिथे १०१ दिवस होते. नंतर तिथेच मुलांचं रिमांड होम झालं, तेच तुझ्या आईच्या डोक्यात. म्हणजे डोंगरीचं नाव दाऊदच्या आजोबांच्या काळापासून खराब आहे म्हणा ना!

थांबा, सविस्तर लिहितो. चष्मा आणतो.

प्रसाद (बी-६०३): काका तिकडे पोस्टमन होते. आता सावरून बसा सगळे.

कदम काका (ए-१०२): मी १९८१ ते ८९ त्या भागात बीट केली. निशाणपाडा, जेल रोड, टांडेल स्ट्रीट, चार नळ. बॅग खांद्याला आणि पाच मजले चढायचे. जिना लाकडी, मधोमध वरून दोर सोडलेला, तो धरून वर जायचं. दोराला लोकांच्या हाताचं तेल लागून तो काळा, गुळगुळीत झालेला असायचा. दिवसाला दोनशेवर टपाल, निम्मं कुवेत, दुबई, मस्कतहून आलेलं, आणि मनीऑर्डरी निघायच्या रत्नागिरी, सातारा, आझमगडला. त्या आठ वर्षांत माझ्या बॅगेला कुणी हात लावला नाही. मनीऑर्डरीची रक्कम खिशात घेऊन फिरायचो मी. एकदा पावसात जिन्यावरून घसरलो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीनं गुडघ्याला हळद लावली आणि उरलेली पत्रं तिचा नातू वाटून आला. हे नियमाविरुद्ध होतं, आता सांगायला हरकत नाही.

आता मुद्दा. पोस्टमन जागा ओळखतो पिनकोडनं. दाऊद ज्या पाकमोडिया स्ट्रीटवर वाढला ती भेंडीबाजारात, ४००००३. जे.जे. हॉस्पिटलात १२ सप्टेंबर १९९२ ला गोळीबार झाला, ते ४००००८. डोंगरी ४००००९. पण पेपरात आणि सिनेमात सगळ्याला एकच नाव, डोंगरी. लांबच्या लोकांना एक नाव पुरतं.

प्रसाद (बी-६०३): काका, तुमच्याविषयी आदर आहे, पण गुंड पिनकोड बघून रस्ता ओलांडतो का? मोहम्मद अली रोडच्या ह्या बाजूला डोंगरी, त्या बाजूला भेंडीबाजार.

कदम काका (ए-१०२): बरोबर आहे, तो मुद्दा तुझा. टोळ्या होत्या. मी नाही म्हणत नाही. काही नाक्यांवर एक माणूस खुर्ची टाकून बसलेला असायचा आणि आम्ही त्याच्याकडे न बघता जायचो.

पण त्या का होत्या ते बघा. शेजारी गोदी. सोन्याच्या आयातीवर बंदी, त्यात १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा, घरात बिस्किट ठेवायला बंदी. लग्नं मात्र कुणी थांबवली नाहीत! मागणी तुमच्या आमच्या घरची, झवेरी बाजार दहा मिनिटांवर, आणि माल उतरणार समुद्रातून. हमाल, खलाशी, गोदी कामगार राहणार कुठे? डोंगरीत. तस्करी करणाऱ्याला माणसं दारातच मिळाली. १९९० ला तो कायदा गेला, ९२ ला बाहेरून सोनं आणायला मोकळीक मिळाली, आणि त्या धंद्यातला मोठा फायदा गेला. टोळ्या मग खंडणीकडे, बिल्डरांकडे वळल्या. पैसा जुहूला आणि दुबईला गेला, बदनामी जिन्यात राहिली.

(सोनं आणि तो भाग ह्यांचं नातं जुनं आहे. १९४४ च्या एप्रिलमध्ये गोदीत जहाज फुटलं तेव्हा त्यातल्या सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या होत्या. आमचे वडील सांगायचे, त्यांच्या वाट्याला फक्त खिडकीच्या काचा आल्या.)

मृणाल (सी-२०१): आपण तर आता डोंगरी पुलावरूनच बघतो. २००२ ला जे.जे. पूल झाला तेव्हापासून. दुसऱ्या मजल्याची खिडकी, आतला पंखा, संपलं.

देशपांडे (ए-७०१): कदम, हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं. आजचं बोला. एनसीबीनं, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं, जानेवारी २०२१ मध्ये डोंगरीत एमडी ड्रग्जची फॅक्टरी पकडली. हे मी बनवून सांगतोय का?

कदम काका (ए-१०२): नाही. ते खरं आहे.

प्रसाद (बी-६०३): देशपांडेकाका, राग मानू नका, पण गेल्या महिन्यात आपल्या स्टिल्ट पार्किंगमधून दोन सायकली गेल्या. आणि "आज रात्री वीज कापली जाईल" ह्या मेसेजवर कुणाचे अठरा हजार गेले ते सगळ्या ग्रुपला माहिती आहे. चोर डोंगरीतून आला नव्हता, फोनमधून आला होता.

देशपांडे (ए-७०१): 🙏 ते काढायची गरज नव्हती.

प्रसाद (बी-६०३): सॉरी काका. मुद्दा वेगळाच सांगायचा होता. मी कर्ज विभागात आहे. आमच्या धंद्यात "निगेटिव्ह एरिया" म्हणतात. पत्ता टाकला की अर्ज तिथेच अडतो. माणसाचा स्कोअर चांगला, पगार चांगला, तरी वरून नाही. वसुलीवाला गल्लीत जायला तयार नसतो, एवढंच त्याच्या मागे असतं. एकदा नाव पडलं की ते पुसायचं कुणाचं काम नसतं.

रात्री ९.५८

शबाना (बी-१०४): मी तासभर वाचतेय. लिहू का नको करत होते. माझं माहेर पालागल्लीत.

अस्मिता सावंत (सी-५०४): अगं शबाना! तू कधी बोलली नाहीस. तू तर जे.जे.जवळ म्हणायचीस.

शबाना (बी-१०४): तेच ना ताई. आम्ही मूळ दापोलीचे, अब्बा गोदीत होते, जन्म माझा डोंगरीचा. लग्न होऊन इथे आल्यापासून चौदा वर्षं मी "जे.जे.जवळ" सांगतेय. डोंगरी म्हटलं की समोरच्याचा चेहरा अर्धा सेकंद बदलतो, मग तो हसतो आणि सिनेमाचं नाव घेतो. त्यापेक्षा हॉस्पिटल बरं.

प्रसाद म्हणाला ते भावाच्या बाबतीत झालंय. स्कूटरसाठी कर्ज, दोनदा नाही. तिसऱ्यांदा सासऱ्यांचा मीरा रोडचा पत्ता दिला, तीन दिवसांत मिळालं. तोच माणूस, तोच पगार. स्कूटर उभी राहते पालागल्लीतच.

ऋतुजाचं विचारताय म्हणून खरं सांगते, चांगलं तेवढंच नाही सांगणार. रात्री बाराला स्टेशनवरून चालत येताना मला तिकडे कधी भीती वाटली नाही. दुकानं उघडी, चहावाला जागा, ओट्यावर बायका. रमजानात तर दोन वाजता पोरं पतंगाच्या मांजावरून भांडत असतात. इथे आपल्या मागच्या रोडवर दहानंतर कुत्रं नसतं, तिथे मला जास्त धाकधूक होते. पण गल्लीतली प्रत्येक बाई विचारणार, कुठे निघालीस, कुणाकडे आलीस. दोन एकट्या मुली म्हटल्यावर पंधरा दिवस तपासणी चालेल. ऋतुजा वैतागेल.

आणि देशपांडेकाका चुकीचं बोलत नाहीयेत. आमच्या लहानपणी गर्द होतं, आता एमडी. माझ्या बरोबरीच्या दोन मुलांना गर्दनं संपवलं, एक तर चांगला बॅट्समन होता. आमच्या नाक्यावर कोण विकतं ते सगळ्यांना माहिती असतं. अम्मी तिथून जाताना पदर तोंडावर घेते, घाबरून नाही, ओळख दाखवायची नाही म्हणून.

मृणाल (सी-२०१): 😔

शबाना (बी-१०४): पण ताई, मी तुमच्या जागी असते तर गुंडांचं विचारलंच नसतं. बिल्डिंगचं नाव विचारलं असतं. १६ जुलै २०१९, टांडेल स्ट्रीट, केसरबाई बिल्डिंग. सकाळचे साडेअकरा-बारा. गल्ली इतकी अरुंद की मशीन आत येईना. माझा भाऊ इतरांबरोबर साखळी करून हातोहात मलबा बाहेर देत होता. डझनावर माणसं गेली, त्यात लहान मुलं. रात्री घरी आला तर नखं तुटलेली. जेवला नाही.

कदम काका (ए-१०२): आणि त्याच्या दोन वर्षं आधी हुसैनी बिल्डिंग. ३१ ऑगस्ट २०१७, दोनच दिवस आधी मुंबई तुंबली होती. ३३ माणसं. ती कुठे होती सांगू? पाकमोडिया स्ट्रीटवर. दाऊदचं नाव घेताना ज्या गल्लीचं नाव सगळ्यांना पाठ असतं, तीच. त्या ३३ जणांसाठी ती गल्ली कुणाच्या लक्षात नाही. त्याच नोव्हेंबरात सरकारनं दाऊदच्या तिथल्या मालमत्तांचा लिलाव केला आणि भेंडीबाजाराचा पुनर्विकास करणाऱ्या ट्रस्टनंच त्या घेतल्या. तिकडे आता टॉवर उठतायत, साडेसोळा एकरांत. डोंगरीच्या बाजूला अजून टेकूच.

प्रसाद (बी-६०३): हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शबाना (बी-१०४): ताई, जिन्याचा फोटो आहे का?

अस्मिता सावंत (सी-५०४): ऋतुजाकडे असेल. थांब.

[फोटो]

अस्मिता सावंत (सी-५०४): तिसरा मजला. भाडं आठ हजार, दोघींत. खोली आतून छान रंगवलीय.

कदम काका (ए-१०२): ताई, फोटो मोठा करून बघा. डावीकडे लोखंडी टेकू आहे. त्यावर रंगाचे तीन थर दिसतायत, खाली हिरवा, मग पिवळा, वर पांढरा. म्हणजे तात्पुरता टेकू निदान दहा-पंधरा वर्षं तिथेच आहे, आणि दर वेळी रंगवणाऱ्यानं भिंतीबरोबर त्यालाही रंगवलंय. दोर मात्र तसाच आहे. जिना ओळखीचा वाटतोय मला, पण तसे सगळेच सारखे.

शबाना (बी-१०४): ही नको ताई. म्हाडा पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात आहे का बघू, पण यादीत नसली तरी नको. केसरबाईच्या वेळी यादीत कुठली आणि कुठली नाही ह्यावरच वाद चालला होता.

अस्मिता सावंत (सी-५०४): मग राहिलं म्हणायचं. ह्यांना आनंद होईल.

शबाना (बी-१०४): राहिलं कुठे? ही बिल्डिंग राहिली. भावजयीला आत्ताच फोन केला. आमच्या मागे एक नवी झालीय, लिफ्ट आहे, पाचव्यावर एक बाई पेइंग गेस्ट ठेवतात. त्यांच्या दोन मुली नर्सिंगलाच आहेत. भाडं जास्त आहे, डोकी साडेसहा सांगतायत, मी पाचवर आणते. उद्या मी माहेरी जातेच आहे. ऋतुजाला आणि भाऊंना घेऊन अकराला सँडहर्स्ट रोडला उतरा, मी स्टेशनवर येते. भाऊंना नक्की आणा. आणि स्लो पकडा, फास्ट तिथे थांबत नाही.

अस्मिता सावंत (सी-५०४): येतो गं. ह्यांना आत्ताच सांगते.

जाधव (ए-३०३): शबानाताई, मघाशी जे लिहिलं होतं ते तुम्ही वाचलं असेल तर...

शबाना (बी-१०४): वाचलं होतं भाऊ. उद्या पाणी नाही, भरून ठेवा.

देशपांडे (ए-७०१): सावंतताई, उद्या रविवार. मेगाब्लॉक असेल. वेळापत्रक बघून निघा.