शिक्षेची सुनावणी त्याच दिवशी का नको

‘दोष सिद्ध झाला की त्याच दिवशी फाशी सुनवा, आणखी कशाला थांबायचं?’ असं काही जण म्हणतात. खरी गफलत तिथेच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८०च्या बचन सिंग निकालानुसार फाशी द्यायची तर गुन्हा किती क्रूर हे पाहून भागत नाही, गुन्हेगारही पाहावा लागतो. आणि तो सुधारण्यापलीकडे आहे हे पुराव्यानिशी दाखवायची जबाबदारी सरकारवर आहे. मग दुपारी दोषी ठरवून संध्याकाळी शिक्षा दिली, तर वकील मांडणार काय? वय कमी, घरी म्हातारे आईवडील, गरिबी. तीन ओळींत सगळं संपतं!

सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२२च्या मनोज निकालाने शिक्षा ठरवण्याआधी काय लागतं ते स्पष्ट केलंय: मानसोपचार आणि मानसशास्त्रीय तपासणीचा अहवाल, तुरुंगातली वर्तणूक व काम, बालपण, शिक्षण, उत्पन्न, आधीचे गुन्हे. मनोविकाराचा माग काढायचा तर जुने दवाखान्याचे कागद शोधावे लागतात, नातेवाईक विश्वासाने बोलायला एकापेक्षा जास्त भेटी लागतात. हे एका दिवसात होणं अशक्य आहे.

शिवाय पर्याय फक्त फाशी किंवा जन्मठेप होऊन चौदा वर्षांनी सुटका एवढाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या श्रद्धानंद निकालापासून शिक्षेत सूट न देता ठरावीक वर्षांची किंवा मरेपर्यंतची कैद देता येते, मात्र तो अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाकडेच आहे.