आवळा की पेरू? मराठीत वाईनची चव लिहिताना

गोदाकाठ: नमस्कार. नाशिकजवळच्या एका लहान वायनरीसाठी मी पाहुण्यांना द्यायची मराठी माहितीपत्रके लिहिते. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या इंग्रजी टिपणात ‘गूजबेरी’ असा शब्द होता. शब्दकोश पाहून मी त्या जागी ‘आवळा’ लिहिले आणि पत्रक छापूनही झाले. मागच्या आठवड्यात निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार सपत्नीक आले होते. काकूंनी पेला दोनदा हुंगला, एक घोट घेतला, पत्रक वाचले आणि शांतपणे म्हणाल्या, “बाई, यात आवळा नाही. आवळ्याला एवढा वास कुठे असतो? तो तुरट लागतो, आणि वर पाणी प्यायलं की तोंड गोड होतं. हे तसं नाही.” त्यांचे म्हणणे मला तत्क्षणी पटले आणि तेव्हापासून माझे उरलेले सगळे लेखन मला संशयास्पद वाटू लागले आहे. ब्लॅककरंट, गूजबेरी, टोस्ट ही शब्दसंपदा ज्या वाचकाच्या नाकाच्या ओळखीची नाही, त्याच्यासाठी वाईनबद्दल प्रामाणिकपणे कसे लिहावे?

पाटावरवंटा: काकू बरोबर आहेत. युरोपातली गूजबेरी आणि आपला आवळा यांचा वनस्पती म्हणून काही संबंध नाही. इंग्रजांनी आवळ्याला ‘भारतीय गूजबेरी’ म्हटले आणि तो घोळ शब्दकोशांत राहिला. माझे मत असे की शब्दाचे भाषांतर करू नये, त्या वासाचे कारण शोधावे आणि तेच कारण आपल्या स्वयंपाकघरात कुठे सापडते ते पाहावे. सोव्हिन्यों ब्लाँचा फळासारखा वास बऱ्याच अंशी अत्यल्प प्रमाणातल्या काही गंधकयुक्त संयुगांमुळे येतो आणि त्यांतले एक प्रमुख संयुग पेरूतही असते. तेव्हा ‘पेरू’ लिहिणे ही तडजोड नव्हे, ते अधिक अचूक आहे. त्याच वाईनला कधीकधी येणारा हिरवट वास ज्या संयुगाचा असतो, तेच ढोबळी मिरची चिरताना आपल्याला जाणवते. आंबटपणाच्या बाबतीत तर आपण भाग्यवान आहोत. द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलेही तेच. काही वाइन्समध्ये जिवाणू द्राक्षातल्याच दुसऱ्या एका, मॅलिक नावाच्या आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. हे लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातले. त्याच प्रक्रियेत लोण्यासारखा वासही येऊ शकतो. ज्या घरात विरजण लागते, त्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगायला टोस्टची गरज नाही.

यारा_किनारी: मी मेलबर्नला राहतो. वरील प्रतिसाद मला आवडला, परंतु त्यात एक धोका दिसतो: इंग्रजी फळांची यादी काढून मराठी फळांची यादी घालणे. वास सर्वांना सारखा येत नाही. शिराझ या लाल वाईनमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा असतो, आणि तेच मिऱ्यांतही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवले. मात्र त्यांच्या चाचणीत पाचांपैकी सुमारे एका परीक्षकाला तो वास जाणवतच नव्हता. दुसरे उदाहरण फ्रान्समधल्या बोर्दोचे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाईननिर्मिती शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाईन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले. नाक डोळ्यांचे ऐकते. म्हणून मी वासाला दोनच शब्द देतो आणि उरलेली जागा वाईन तोंडात कशी वागते त्याला देतो. त्यासाठी मराठीत नेमके शब्द आहेत: दात आंबतात का, जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ जड होते का, सुपारीसारखा तुरटपणा हिरड्यांना धरून राहतो का, की घोट गिळताच सारे संपते? बिघडलेल्या बुचामुळे खराब झालेल्या बाटलीला ‘कुबट’ याहून चांगला शब्द मला इंग्रजीतही मिळालेला नाही.

शिवारातला: मी वाईनची द्राक्षे लावतो, म्हणून माझे म्हणणे बागेच्या बाजूचे आहे. आमच्याकडे वेलीची दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात द्राक्ष शरद ऋतूत, हवा थंड होत असताना पिकते; आमचे थंडीत भरते आणि शेवटी ऊन चढू लागते. ऊन लवकर चढले तर साखर वाढते, आम्ल झपाट्याने उतरते आणि आठवडाभर उशीर झाला तरी पांढऱ्या वाईनचा तजेला जातो. पत्रकात पेरू लिहा, चिंच लिहा, पण तोडणी केव्हा आणि का केली, हे एका वाक्यात लिहा. पेल्यातल्या आंबटपणाचे कारण त्यात असते आणि ते कोणी छापत नाही.

गोदाकाठ: आपणा तिघांचे मनापासून आभार. आज तोडणीची नोंदवही मागून घेतली, वाईन पुन्हा चाखली आणि जुना मजकूर रद्द केला. नवा मसुदा असा आहे: “पेला नाकाजवळ नेताच पेरूचा आणि थोडा ढोबळी मिरचीचा वास येतो. आंबटपणा गाभुळलेल्या चिंचेसारखा, जिभेच्या कडांना जाणवणारा, पण दात न आंबवणारा. तो टिकावा म्हणून यंदा दुपारचे ऊन वाढू लागताच, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे तोडणी केली.” यात काही खटकत असेल तर छापण्याआधी कृपया सांगावे.

पाटावरवंटा: एकच सुचवतो. नुसते ‘पेरू’ न लिहिता ‘पाडाला आलेला पेरू’ लिहा. पिकून मऊ झालेल्या पेरूचा वास निराळा असतो, आणि काकू तो फरक नक्की ओळखतील.