आईची शुगर बॉर्डरलाईनला आलीये, चपाती बंद करून भाकरी सुरू करू का?

केतकी_नाशिक:
नमस्कार मंडळी, आईचं (वय ५८) रूटीन चेकअप केलं त्यात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, गोळी नको पण खाणं सांभाळा आणि चालायला लागा. तेव्हापासून जो भेटेल तो सल्ला देतोय, कुणी म्हणतं गहू बंद, कुणी म्हणतं भाताला हातच लावू नका. आई सोमवार, संकष्टी, एकादशी सगळं करते, उपास सोडणार नाही म्हणते. गुडघे दुखतात त्यामुळे चालणंही होत नाही. नक्की काय बदलू?

भाकरीवाली:
६.१ म्हणजे घाबरायचं काही नाही, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस धरतात, ६.५ पासून पुढे डायबेटिस. ज्वारी चांगलीच, पण ज्वारी असो की गहू, १०० ग्रॅम पिठात कार्ब्स साधारण ६५-७० ग्रॅम असतातच, त्यामुळे तीन चपात्यांच्या जागी तीन जाड भाकऱ्या आल्या तर फार फरक पडणार नाही. ताट बदला. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, मग मटकी किंवा मुगाची उसळ नाहीतर घट्ट वरण, आणि उरलेल्या जागेत एक भाकरी किंवा वाटीभर भात. आधी कोशिंबीर-उसळ खायची, भाकरी-भात नंतर, त्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते.

संगमनेरकर:
माझ्या मते खरी अडचण उपासात आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही, त्यात बटाटा घालून खिचडी केली की अजूनच भर. दिवसभर उपाशी राहून तीच ताटभर खाल्ली तर शुगर भसकन वर जाणार. उपास करू दे हो, श्रद्धा आहे त्यांची. फक्त साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, सोबत दही, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, आणि फळ अख्खं, ज्यूस नको. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या पुढेमागे, मग नैवेद्याचं जेवण, दोन मोदक आणि लगेच आडवं होणं, हे टाळाच. मोदक एक, आणि झोपायच्या आधी घरातल्या घरात दहा मिनिटं फेऱ्या.

फिरस्ती:
+१. जेवल्यावर चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून सकाळी एकदम तासभर चालणं झेपत नसेल तर तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं सपाट जागेवर चालवा. आठवड्याला १५० मिनिटं सांगतात, ती अशीच भरून निघतात. गुडघ्यांसाठी खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, आधी पाच-सहा वेळा, मग हळूहळू वाढवायचं, मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. फार दुखत असेल किंवा सूज असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

केतकी_नाशिक:
खूप आभार सगळ्यांचे! थालीपिठाला आई तयार होईल. संध्याकाळच्या चहासोबत बिस्किटं असतात, त्यांचं काय करू?

भाकरीवाली:
बिस्किटं मैदा-साखरेचीच, घरात आणूच नका. मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवा, आणि चहातली साखर एकदम बंद करू नका, दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, म्हणजे आईंना फारसं जाणवणारही नाही.