अलार्म 'वेंट ऑफ' म्हणजे वाजला की बंद झाला?

झोपाळू_पुणेकर: काल यूकेच्या क्लायंटबरोबर कॉल होता, तो म्हणाला फायर अलार्म वेंट ऑफ म्हणून उशीर झाला, मी आपलं जोरात म्हटलं ओह दॅट्स गुड, कारण मला वाटलं बिचाऱ्यांचा अलार्म एकदाचा बंद झाला. सगळे गप्प. मग आमच्या टीम लीडचा मेसेज, अरे वाजला तो! लाइट वेंट ऑफ म्हणजे गेली ना, मग अलार्म वेंट ऑफ म्हणजे सुरू कसा काय??

चष्मिष: ऑफ म्हणजे बंद हे आधी डोक्यातून काढा. इंग्रजीतले 'ऑफ' आणि 'ऑव्ह' मुळात एकच शब्द, अर्थ 'पासून, दूर'. स्विचवरचा ऑफ फार नंतर आला. चाप ओढला की द गन वेंट ऑफ, आपणही गोळी सुटली असंच म्हणतो की. अलार्म तसाच समजा, चावीच्या घड्याळात घंटेची स्प्रिंग अडकवून ठेवलेली असते ती वेळ झाली की सुटते. आणि लाइट तर मराठीतही 'जाते'च.

लंडनची_पाहुणी: मला फ्लॅटमेट म्हणाली मिल्क हॅज गॉन ऑफ, मला वाटलं संपलं, म्हणून नवीन घेऊन आले तर जुनं फ्रीजमध्येच, नासलेलं 😀 इथे आय हॅव गॉन ऑफ कॉफी म्हणजे कॉफीवरून मन उडालं. अमेरिकेत मात्र दूध गोज बॅड, आणि ही वेंट ऑफ ऑन मी म्हणजे माझ्यावर जाम भडकला. ऑस्ट्रेलियात पार्टी गोइंग ऑफ असेल तर खुशाल जा, धमाल चाललीये असा अर्थ.

झोपाळू_पुणेकर: म्हणजे अलार्म वेंट ऑफ सो आय टर्न्ड इट ऑफ हे बरोबर वाक्य आहे??

चष्मिष: शंभर टक्के.

फणसाचे_गरे: इंग्रजीला कशाला नावं ठेवताय, आपलं 'लागणं' बघा. एका तमिळ कलीगला मराठी शिकवतोय, नोकरी लागली, भूक लागली, ठेच लागली इथपर्यंत तो शांतपणे वहीत लिहून घेत होता, मग मी म्हटलं काल दुपारी जरा डोळा लागला तर म्हणे अरेरे, डॉक्टरला दाखवलंस का. आता थांबतो, हे टाइप करता करता भात बुडाला लागलाय.